बंदूक परवान्याची, पण नळीला काडतूस जुळतंय का?

भात पोटरीला आले की कोकणात माळ्यावर राखण सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत चार महिन्यांची मेहनत लोळवून जातो. अनेक घरांत पीकसंरक्षणाची बंदूक आहे. पण तिच्यात काय भरायचं, किती अंतरावरून उडवायची, असं विचारलं तर "आजोबांपासून असंच चालत आलंय" एवढंच उत्तर मिळतं. हे उत्तर जिवावर बेतू शकतं. म्हणून थोडं सविस्तर बोलू.

परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ प्रमाणे पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आहे. मात्र हा परवाना बंदूक बाळगण्याचा आहे, जनावर मारण्याचा नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली, उभ्या पिकाला धोका असल्याची खात्री झाल्यावर वनखात्याचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देतो. तो कागद हातात नसेल तर चाप ओढू नका. परवानगीने मारलेलं जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता असतं. मटणाचे वाटे घातलेत तर गुन्हा दाखल होईल.

रायफल का नको?

"लांब मारणारी रायफल मिळाली तर बरं," असं बरेच जण म्हणतात. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गवताळ मैदानात बिळे करून राहणारे 'प्रेअरी डॉग' नावाचे खारीच्या कुळातले प्राणी आहेत. तिथले लोक ते दोन-तीनशे मीटरवरून टिपतात. त्यासाठी लवकर न तापणारी जाड नळी घेतात. नळीतल्या आट्यांचा पीळ आणि गोळीचं वजन यांचा मेळ घालतात. बावीस-दोनशेपन्नास जातीच्या रायफलीत साधारणपणे १४ इंचांत एक वेढा घेणारे आटे आणि ५५ ग्रेन, म्हणजे साडेतीन ग्रॅमची हलकी गोळी वापरतात. लांब, जड गोळी घ्यायची तर वेढा आणखी जवळचा लागतो, नाहीतर गोळी हवेत डगमगते. पण तिथे दिवसाचा उजेड असतो आणि मैलभर मोकळं रान असतं. आपल्याकडे रात्र, झाडी आणि बांधापलीकडे वाडी. साधी बावीस बोअरची गोळीही दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. इथे लांबचा पल्ला हा गुण नाही, धोका आहे.

बारा बोअर : आकडा समजून घ्या

एक पौंड शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर भरतो. नळीच्या तोंडाशी किंचित अरुंदपणा असतो, त्याला चोक म्हणतात. पूर्ण चोकच्या नळीतून ४० यार्डांवर साधारण ७० टक्के छर्रे ३० इंचांच्या वर्तुळात पडतात. सरळ नळीतून ४० टक्केच. एकच मोठी गोळी वापरायची असेल तर ती आपल्या चोकमधून सुखरूप जाते का, हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय भरू नका.

छर्ऱ्यांचंही तसंच आहे. एका औंसात एलजीचे ६, एसजीचे ८, चार नंबरचे १७० आणि सहा नंबरचे २७० छर्रे बसतात. बारीक छर्रे पाखरांसाठी असतात. डुकराच्या जाड कातडीला ते लागतात, पण मारत नाहीत. एसजी-एलजीसुद्धा ३०-३५ मीटरपलीकडे फाकतात. जखमी डुक्कर झाडीत शिरलं की दुसऱ्या दिवशी शेणी वेचायला गेलेल्या बाईवर धावून जाणार. नेम पक्का नसेल तर वार सोडून द्या.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काडतुसाची लांबी. पुण्याजवळच्या खडकीत 'शक्तिमान' काडतुसे तयार होतात. बारा बोअरची काडतुसे ६५ आणि ७० मिलिमीटर अशा दोन लांबींची असतात. जुन्या बंदुकीचं घर ६५ चं असेल तर ७० चं काडतूस आत जातं, पण उडताना उलगडायला त्याला जागा मिळत नाही. दाब वाढून नळी फुटू शकते. वीस बोअरचं काडतूस चुकून बारा बोअरमध्ये टाकलं तर ते पुढे सरकून नळीत अडकतं. मागून दुसरं भरून चाप ओढलात, तर बोटं गेलीच म्हणून समजा. दोन्ही काडतुसे एका डब्यात कधीही ठेवू नका.

ठासणीची बंदूक

हिच्यात फक्त काळी दारू चालते. काडतूस फोडून काढलेली बिनधुराची दारू घालाल तर नळी फाटेल. एकदा भरलंय हे विसरून दुसऱ्यांदा ठासल्याने अपघात होतात. यावर सोपा उपाय आहे. रिकाम्या नळीत गज टाकून तोंडाशी खूण करून ठेवा. गज खुणेपर्यंत गेला नाही तर आत भरलेलं आहे. वापरल्यावर गरम पाण्याने धुवा, पूर्ण सुकवा आणि तेल लावा. काळ्या दारूची राख ओल धरते आणि पावसाळ्यात नळी आतून खाते. आतून खड्डे पडलेली नळी परवानाधारक कारागिराला दाखवा. गावच्या लोहाराकडे नेऊ नका.

काय करू नये

वाटेवर तार ओढून बंदूक बांधून ठेवू नका. कुंपणात वीज सोडू नका. गावठी बॉम्ब पेरू नका. अंधारात आवाजावर नेम धरू नका. डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपण वाचतोच. राखणीला कोण कुठल्या माळ्यावर आहे, हे सायंकाळीच एकमेकांना सांगून ठेवा. बॅटरीच्या उजेडात जनावर पूर्ण दिसलं आणि त्यामागे माती किंवा चढ असला, तरच पुढचं.

सरपंच आणि ग्राम महसूल अधिकारी (आपण अजून तलाठीच म्हणतो) यांनाही एक विनंती. नुकसानीचा पंचनामा वेळेत झाला, भरपाईचा अर्ज हातोहात पुढे गेला, तर शेतकऱ्याचा हात बंदुकीकडे उशिरा जातो. नुकसान दिसताच वनरक्षकाला कळवा, फोटो काढा, सात-बारा जोडा. पीक पुढच्या साली पुन्हा येईल. गेलेला माणूस येत नाही.