शिर्डीची सहल: साईतीर्थ की वॉटर पार्क?

ऊसतोडीची माणसं गावी परतली, उन्हाळा लागला, की गटाच्या बैठकीत बचत आणि हप्त्यांचं काम उरकल्यावर एक विषय हळूच निघतो. यंदा सहल काढायची का? नारायणगडाच्या पंचक्रोशीत पहिलं नाव निघतं ते शिर्डीचं. दर्शन होतं आणि घरचेही नाही म्हणत नाहीत. पण शिर्डी ठरली की पुढं वाद लागतो. सुना आणि लेकी म्हणतात, "वॉटर पार्कला जाऊ." सासवा म्हणतात, "आम्हाला ते पाण्यातलं नको, साईतीर्थ दाखवा." आज आपण या दोन ठिकाणांची तुलना करणार आहोत. कागद-पेन घेऊन बसा, शेवटी काही प्रश्न लिहून घ्यायचे आहेत.

दोघी बहिणी, एक कोरडी, एक ओली

साईतीर्थ आणि वेट एन जॉय वॉटर पार्क ही दोन्ही उद्यानं शिर्डीत शेजारी-शेजारी आहेत. संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहानं ती उभी केली, म्हणून त्यांना बहिणी म्हणायचं. अशा जोड्या महाराष्ट्रात आणखीही उभ्या राहिल्या. मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेल वर्ल्ड सुरू झालं आणि त्याच्या शेजारी १९९८ साली वॉटर किंग्डम. खोपोलीजवळ इमॅजिकाचं थीम पार्क २०१३ ला उघडलं आणि पुढच्याच वर्षी बाजूला वॉटर पार्क. सगळीकडं नमुना एकच. एक बहीण कोरडी, दुसरी ओली. दोघींचं तिकीट वेगळं आणि दोघींना लागणारी तयारीही वेगळी.

आपल्या जत्रेत आकाशपाळणा असतो तसे पाळणे साईतीर्थमध्ये मुख्य नाहीत. ते भक्तीच्या विषयावरचं उद्यान आहे. तिथल्या चार गोष्टी लक्षात ठेवा. 'तीर्थयात्रा'मध्ये आपल्याला बसवून देशातल्या प्रसिद्ध देवळांच्या प्रतिकृती दाखवत नेतात. 'द्वारकामाई'मध्ये साईबाबांची यंत्रावर चालणारी मूर्ती हलते, बोलते. 'लंकादहन' हा मारुतीरायाच्या गोष्टीवरचा फाइव्ह-डी खेळ आहे. 'सबका मालिक एक' हा मोठ्या पडद्यावर दाखवला जाणारा बाबांच्या जीवनावरचा चित्रपट आहे. या चारही गोष्टी बसून बघायच्या. नेसत्या लुगड्यावर आजीबाईसुद्धा बघू शकते.

फाइव्ह-डी म्हणजे काय, हे बायका नेहमी विचारतात. तिथं एक चष्मा देतात. पडद्यावर एकाच दृश्याची दोन चित्रं एकावर एक पडलेली असतात आणि चष्म्यामुळं प्रत्येक डोळ्याला त्यातलं एकच दिसतं. मेंदू दोन्ही जुळवतो आणि चित्र अंगावर आल्यासारखं वाटतं. जोडीला खुर्ची हलते, वारा सुटतो, पाण्याचे शिंतोडे येतात. खरा धोका काही नसतो. पण ज्यांना बस लागते त्यांनी जपावं. बस लागण्याचं कारण असं, की डोळे एक सांगतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो. इथंही तेच होतं. मळमळलं तर चष्मा काढून डोळे मिटून घ्यावेत, थोड्या वेळात बरं वाटतं. खेळाच्या आधी पोटभर जेवू नये. अंधाराची भीती वाटणाऱ्या बाईला दोघींच्या मध्ये बसवावं.

ओल्या बहिणीकडं काय आहे

वॉटर पार्कमध्ये उंच घसरगुंड्या, लाटांचा तलाव, गाण्यावर भिजायची जागा आणि लहान मुलांचा उथळ तलाव असतो. घसरगुंडीवर मोटारीनं पाणी वर चढवतात आणि ते नळीतून सतत खाली सोडतात. त्या पाण्याच्या पातळ थरामुळं अंग घासत नाही, वेगानं खाली येतं. लाटांच्या तलावात यंत्रानं ठराविक वेळानं लाटा उठवतात. आधी सूचना देतात. तेव्हा पोहता न येणाऱ्या बाईनं काठाजवळ गुडघाभर पाण्यातच थांबावं.

टँकरची वाट पाहणाऱ्या बाईला पहिला प्रश्न पडतो, "एवढं पाणी आणतात कुठून?" प्रश्न बरोबर आहे. अशा पार्कमध्ये रोज नवं पाणी भरत नाहीत. तेच पाणी गाळणीतून गाळून, क्लोरीन टाकून पुन्हा फिरवतात. उन्हानं उडून जातं आणि अंगाबरोबर बाहेर सांडतं, तेवढं वरून भरावं लागतं. क्लोरीनमुळं डोळे चुरचुरतात आणि केस कोरडे होतात, म्हणून बाहेर आल्यावर साध्या पाण्यानं अंघोळ करायची.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कपडे. वॉटर पार्कमध्ये साडी किंवा सुती कपडा घालून पाण्यात उतरू देत नाहीत. नायलॉनसारख्या कापडाचा पोहण्याचा पोशाख लागतो. तो भाड्यानं मिळतो किंवा आपला आणता येतो. हा नियम बायांना कमी लेखण्यासाठी नाही. सुती कापड पाणी पिऊन जड होतं, त्याचे धागे गाळणीत अडकतात, रंग पाण्यात उतरतो. साडीचा पदर घसरगुंडीत अडकला किंवा पायात गुंडाळला तर जीवावर बेतू शकतं. मंगळसूत्र, जोडवी, केसातल्या पिना यांचंही तेच. पाण्यात पडलेली वस्तू सापडत नाही आणि घसरताना ती दुसरीला लागते. पूर्ण बाह्यांचे आणि घोट्यापर्यंतचे पोशाखही असतात. तसे तिथं भाड्यानं मिळतील का, हे आधी विचारून ठेवलं तर पुष्कळ बायांची अडचण तिथंच मिटते.

आधी बायांची यादी, मग पार्कची

बहुतेक गट काय करतात? कुणाच्या तरी मोबाईलवर घसरगुंडीचा व्हिडिओ बघतात आणि ठरवून टाकतात. आमचं म्हणणं असं, की कुठं काय आहे याची यादी नंतर करा. आधी गटातल्या बायांची यादी करा. एकेका नावापुढं तीन गोष्टी लिहा.

पहिली, तब्येत. घसरगुंडीच्या पायऱ्या चढाव्या लागतात, खाली येताना कंबरेला आणि मानेला हिसका बसतो. गरोदर बाई, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेली, फिट येणारी, कंबर-मणक्याचं दुखणं असलेली, अलीकडं ऑपरेशन झालेली, या सगळ्यांनी मोठ्या घसरगुंड्यांवर बसू नये. आपल्या बीड जिल्ह्यात हे जास्त सांगावं लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायांची गर्भाशयाची पिशवी काढलेली आहे. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि सरकारनं त्यावर समितीही नेमली. डोक्यावर मोळी वाहून कंबर गेलेल्या, अंग बाहेर येण्याचा त्रास अंगावर काढणाऱ्या बायाही आपल्यातच आहेत. यातलं काहीही कुणी बाई भर बैठकीत सांगणार नाही, आणि तिकीट खिडकीवर तर नाहीच. म्हणून गटाच्या अध्यक्षा किंवा सचिव ताईनं एकेकीला बाजूला घेऊन विचारावं आणि ते आपल्यापाशीच ठेवावं. शंका असेल तर आशाताईला किंवा डॉक्टरांना विचारावं. सहलीसाठी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणून खाऊ नयेत. त्या प्रत्येकीला चालतात असं नाही.

दुसरी, कपडे. "पोशाख घालायला तयार आहेस का?" असं सरळ विचारा. हो म्हटलं तर छान. नाही म्हटलं तर तिची थट्टा करू नका, आग्रह करू नका. ज्या बाईनं जन्मात साडीशिवाय काही नेसलं नाही, तिला चारचौघींत तसं उभं राहणं सोपं नसतं. उलट एखादी साठीची मावशी पहिल्यांदा हो म्हणेल. तिलाही हसू नका.

तिसरी, सोबत कोण. मुलं नेणार असाल तर त्यांची उंची मोजून घ्या. ठराविक उंचीपेक्षा लहान मुलाला मोठ्या घसरगुंडीवर सोडत नाहीत आणि तिकीटही बऱ्याच ठिकाणी उंचीवरच ठरतं. लहान मूल पाण्यात असेल तर त्याच्याबरोबर एक मोठी बाई हाताच्या अंतरावर हवीच. म्हणजे तिला दुसरीकडं जाता येणार नाही, हे आधीच धरून चाला.

ही यादी झाली की निम्मा निर्णय झालाच. वीस जणींपैकी बारा जणी पाण्यात उतरणार नसतील आणि तरीही गट वॉटर पार्कला गेला, तर त्या बारा जणी दिवसभर काठावर पिशव्या, चपला आणि लेकरं सांभाळत बसतात. त्यांनीही प्रवेशाचं तिकीट काढलेलं असतं. घरी रोज हेच काम, आणि पैसे भरून सहलीतही तेच! कितीतरी बायांच्या आयुष्यातली ही पहिलीच सहल असते, शेत आणि माहेर सोडून पहिल्यांदाच कुठंतरी निघालेल्या असतात. त्यांच्या वाट्याला काठ येऊ नये, एवढ्यासाठी ही यादी.

पैशाचा हिशेब

साईतीर्थचा खर्च सरळ असतो, तिकीट आणि खाणं. वॉटर पार्कला तिकिटावर पोशाखाचं भाडं, लॉकरचं भाडं आणि दोन्हींची अनामत चढते. अनामत परत मिळते, पण सकाळी हातात रोख लागते आणि पावती जपावी लागते. अशा उद्यानांत बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत, त्यामुळं भाकरी-ठेचा बांधून नेला तर गाडीतच राहतो. जेवणाची एक चांगली सोय शिर्डीतच आहे. साईबाबा संस्थानचं प्रसादालय आहे, तिथं भाविकांना जेवण मिळतं. २००९ पासून तिथला स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर केलेल्या वाफेवरही होतो. ते बघण्यासारखं आहे.

प्रवासात एसटीच्या नेहमीच्या फेरीनं गेलात तर १७ मार्च २०२३ पासून बायांना निम्मं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या आजींना मोफत. अख्खी गाडी प्रासंगिक करारावर घेतली तर हिशेब किलोमीटरवर होतो. आगारात दोन्ही विचारून तुलना करा.

सहलीचा पैसा गटाच्या बचतीतून किंवा अंतर्गत कर्जाच्या रकमेतून काढू नका. त्यासाठी वेगळी वर्गणी ठेवा. वीस जणींनी आठवड्याला दहा रुपये टाकले तर पन्नास आठवड्यांत दहा हजार जमतात, म्हणजे एकीचे पाचशे. ठराव इतिवृत्तात लिहा. जी येणार नाही तिचे पैसे तिला परत, हेही लिहा.

वेळ आणि दिवस

आपल्याकडून शिर्डी जाऊन-येऊन चारशे किलोमीटरच्या आसपास पडते. एका बाजूला चार-पाच तास गेले, दर्शनाच्या रांगेत दोन-तीन तास गेले, तर उरलेल्या दिवसात एकच उद्यान नीट होतं. दोन्हींचं जोडतिकीट स्वस्त दिसलं तरी दोन्ही एका दिवशी करायला जाल तर दोन्ही अर्धवट राहतील. गुरुवारी पालखी असते, गर्दी जास्त. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा हेही गर्दीचे दिवस. साईतीर्थ वर्षभर चालतं, ऊन लागत नाही. वॉटर पार्कची मजा मार्च ते मेमध्ये. आणि एक लक्षात असू द्या. साईतीर्थमधली द्वारकामाई हा खेळ आहे. बाबा जिथं राहिले ती खरी द्वारकामाई, धुनीसकट, मंदिराजवळ आहे आणि तिला तिकीट नाही.

मग कुठं जायचं? सासवा, सुना, आजी असा मिसळलेला गट असेल तर साईतीर्थ. पाण्यात उतरायला तयार असलेल्या तरुण बायका आणि शाळेतल्या मुली असा गट असेल तर वॉटर पार्क, दर्शन पहाटे उरकून. निम्म्या-निम्म्या असाल तर दोन तुकड्या करा. उद्यानं शेजारीच आहेत. प्रत्येक तुकडीत एक फोन, एक जबाबदार ताई, आणि फाटकापाशी भेटायची वेळ ठरलेली. लेकरं फक्त एकाच तुकडीच्या गळ्यात घालू नका.

आता फोन करून विचारायचे प्रश्न लिहून घ्या. त्या दिवशीचा दर किती? गटाला सवलत किती जणींपासून? ज्येष्ठ बायांना आणि मुलांना दर काय? जोडतिकीट असेल तर ते दोन वेगळ्या दिवशी चालतं का? पोशाख, लॉकर आणि अनामत मिळून एकीला किती? पूर्ण अंगाचा पोशाख मिळतो का? पाण्यात न उतरणाऱ्या बाईला किती लागतं? शेवटचा खेळ किती वाजता?

उत्तरं बैठकीत सगळ्यांसमोर वाचून दाखवा आणि मग हात वर करून ठरवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.