रुक्मिणी : विदर्भाच्या लेकीचं नाव

शेलूबाजार हे वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातलं गाव. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर-मुंबई प्रवास करणाऱ्यांच्याही ते ओळखीचं झालंय. या मुलखात 'रुखमाबाई' म्हटलं की नऊवारीतली आजीच डोळ्यांपुढे येते. पाळण्यातल्या मुली आराध्या, स्वरा, अन्वी असतात. मला याची हळहळ वाटते, कारण रुक्मिणी हे विदर्भाचं हक्काचं नाव आहे.

रुक्म म्हणजे सोनं. रुक्मिणी ही विदर्भराजा भीष्मकाची मुलगी. तिचं कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, वर्धेकाठचं कौंडिण्यपूर, असं मानतात. भाऊ रुक्मी याने तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं. ते तिला मान्य नव्हतं. भागवताच्या दशम स्कंधात तिने ब्राह्मणाहाती कृष्णाला धाडलेला निरोप आहे : लग्नाच्या आदल्या दिवशी मी नगराबाहेर देवीच्या दर्शनाला जाईन, तिथून मला घेऊन जा. म्हणजे पळून जाण्याचा सगळा बेत तिचाच! ते देऊळ आपल्या अंबादेवीचं, असं अमरावतीकर सांगतात.

मराठी कवींना ही कथा फार आवडली. महानुभाव कवी नरेंद्राचं 'रुक्मिणीस्वयंवर' तेराव्या शतकाच्या अखेरचं; एकनाथांनी आपलं १५७१ साली काशीत पूर्ण केलं. पंढरपुरात ती रखुमाई झाली आणि नाव घरोघरी पोचलं. ज्ञानेश्वरांची आई रुक्मिणी, तुकोबांची पहिली बायको रखमाबाई. बोलण्यात कुठे रखमा, कुठे रुखमा. आजही आषाढीला कौंडिण्यपूरहून, म्हणजे माहेराहून, रुक्मिणीची पालखी पंढरीला जाते.

या नावाची आणखी एक मानकरी मुंबईची. डॉ. रखमाबाई राऊत (१८६४-१९५५). अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न झालं, पण त्या नांदायला गेल्या नाहीत. १८८४ मध्ये नवऱ्याने कोर्टात दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, पण १८८७ मध्ये नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी तडजोड झाली. मग लंडनला जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले. संमतिवयाच्या १८९१ च्या कायद्यामागे या खटल्याने उठवलेलं वादळही होतं. न विचारता ठरवलेलं लग्न नाकारणाऱ्या दोघी, आणि दोघींचं नाव एकच! मला यात फार मोठा अर्थ दिसतो.

मग हे नाव मागे का पडलं? एक तर ते घरोघरी होतं, म्हणून जुनं वाटू लागलं. सासूचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, ही रीत. मग तेच नाव लेकीला ठेवून सून हाक कशी मारणार? पुढे सुनीता, कल्पना, वैशाली आल्या, त्यांच्यामागून पूजा आणि स्नेहा. आता नावं मोबाइलवर शोधतात. नावाचं पहिलं अक्षर मात्र जन्मनक्षत्रावरून घेतात; स्वाती नक्षत्राची अक्षरं रू, रे, रो, ता. गुरुजींनी 'रू' सांगितलं की घरचे रुही, रुचा ठरवून मोकळे होतात. रुक्मिणी त्याच अक्षरात असते, पण आठवत नाही.

कर्नाटकात आणि बंगालमध्ये मात्र हे नाव तरुण आहे. कन्नड चित्रपटांतली रुक्मिणी वसंत आणि बंगाली चित्रपटांतली रुक्मिणी मैत्र, दोघी आजच्या नायिका आहेत. त्यांच्याकडे पाहून कुणाला ते म्हातारं वाटत नाही. वऱ्हाडातल्या आईबापांनी बारशाआधी एवढं जरूर ध्यानात घ्यावं. आणि नाव ठेवलंच, तर हाक मारताना 'रुकू' न करता पूर्ण रुक्मिणी म्हणावं.