आकाशगंगेचा जमाखर्च

साम्राज्य म्हटले की डोळ्यांपुढे उभे राहते ते आरमार, तोफा आणि मोडलेले तह. संगणकावरील अंतराळ-साम्राज्याच्या खेळांची जाहिरातही त्याच थाटाची असते. परंतु असा खेळ प्रत्यक्ष खेळावयास बसले, की पहिला तासभर सहसा एकही अस्त्र सुटत नाही. माणूस बसतो तो हिशेब करीत. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी; मला ह्या खेळाची गोडी लागली ती ह्या हिशेबामुळेच, आणि वाचकांना त्याचीच थोडी ओळख करून द्यावी असा विचार आहे.

उदाहरणासाठी मी मुद्दामच जुना खेळ घेतो. ‘मास्टर ऑफ ओरायन’ हा खेळ अमेरिकेतील ‘सिमटेक्स’ ह्या संस्थेने तयार केला आणि ‘मायक्रोप्रोज’ने तो १९९३ साली बाजारात आणला. स्टीव्ह बार्सिया हा त्याचा प्रमुख रचनाकार. त्याच वर्षी ॲलन एमरिच ह्या लेखकाने ह्या खेळाविषयी लिहिताना ‘फोर एक्स’ असा शब्द योजला व तो पुढे ह्या सबंध जातीलाच चिकटला. शोध, विस्तार, उपयोग आणि संहार ह्या अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांतील ‘एक्स’ तेवढा त्याने उचलला होता. ह्यातील तिसऱ्या शब्दाकडे मी शेवटी येणार आहे.

खेळ सुरू होतो इ. स. २३०० मध्ये. एक खेळी म्हणजे एक वर्ष. लहान आकाशगंगेत २४ तारे, सर्वांत मोठीत १०८. एका ताऱ्याभोवती फार तर एकच ग्रह. हाताशी एक मातृग्रह, दोन टेहळणी याने आणि एक वसाहत-यान. टेहळणी यानांत जादा इंधन असते, त्यामुळे ती दूरवर जातात. वसाहत-यानाचा पल्ला मात्र आरंभी अवघा तीन पार्सेक. (एक पार्सेक म्हणजे सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे.) म्हणजे डोळे पोहोचतात तेथे पाय पोहोचत नाहीत! एखादा हिरवागार, ऐसपैस ग्रह पाचव्या-सहाव्या पार्सेकवर दिसतो आणि आपण नुसते हळहळतो.

आता गंमत अशी, की हा पल्ला मातृग्रहापासून नव्हे, तर आपल्या जवळच्या वसाहतीपासून मोजला जातो. त्यामुळे वाटेवरचा एखादा भिकार खडक, ज्यावर फारशी माणसे नीट नांदणार नाहीत, तो एकाएकी मोलाचा ठरतो. तो ताब्यात आला की त्याच्या पलीकडचे चार तारे आवाक्यात येतात. घाटमाथ्यावरच्या पाण्याच्या टाक्यासारखे त्याचे महत्त्व असते. टाक्यात किती पाणी आहे ह्यापेक्षा ते कोठे आहे ह्याला किंमत. ग्रहाचे मोल ग्रहावर नसून त्याच्यामुळे काय उघडते ह्यात असते, ही ह्या खेळाची पहिली खूण मला वाटते. नवखा खेळाडू ग्रहाचा आकार पाहतो. मुरलेला आधी नकाशा पाहतो.

खनिजांचा मामला याहून मजेदार आहे. काही ग्रह समृद्ध, काही अतिसमृद्ध, काही दरिद्री. समृद्ध ग्रहावर जहाजे, संरक्षण व कारखाने यांवर केलेला खर्च दुप्पट फळ देतो, अतिसमृद्ध ग्रहावर तिप्पट. दरिद्री ग्रहावर तोच निम्म्यावर येतो. पण खेळ रचणाऱ्याने येथे खोच मारून ठेवली आहे. खनिजे बहुधा सापडतात ती विषारी वायूंच्या किंवा किरणोत्सर्गी ग्रहांवर, जेथे आरंभीचे वसाहत-यान उतरूच शकत नाही. त्यासाठी प्रत्येक पायरीचे वेगळे तंत्र संशोधून मिळवावे लागते. ते मिळेपर्यंत तो खजिना नकाशावरचे एक नाव एवढेच. दरिद्री ग्रहांना मात्र एक सवलत आहे. संशोधनावरच्या खर्चाला खनिजांची कात्री लागत नाही. म्हणून जहाजे बांधावीत समृद्ध ग्रहावर, आणि दरिद्री ग्रहाला प्रयोगशाळा करून टाकावे. ज्याच्या जमिनीत काही नाही त्याने विद्या करावी, असा हा न्याय कोकणातल्या वाचकांना फारसा परका वाटू नये.

प्रत्येक ग्रहावर पाच सरकत्या पट्ट्या असतात: जहाजे, संरक्षण, उद्योग, पर्यावरण आणि संशोधन. एकीकडे सरकवले की दुसरीकडचे कमी होते. वर्गात ज्याला आपण वैकल्पिक खर्च म्हणतो तो येथे बोटाला जाणवतो.

थोडी आकडेमोड करू. बहुतेक वंशांच्या मातृग्रहावर आरंभी ४ कोटी लोक आणि ३० कारखाने असतात. दर दहा लाखांमागे अर्धे एकक, म्हणजे लोकांचे २०; कारखान्यांचे ३०; एकूण उत्पन्न ५०. पण हे ५० आपले नव्हेत. प्रत्येक कारखाना वर्षाला एक माप कचरा टाकतो आणि एका एककात दोनच मापे साफ होतात. सफाईला १५ गेले. हाती उरले ३५. नवा कारखाना बांधण्यास १० एकके लागतात, तो देतो एक, त्यातले अर्धे सफाईचे. म्हणजे भांडवल फिटावयास वीस वर्षे! तरीही पहिल्या दहा-पंधरा वर्षांत कारखानेच बांधावेत, कारण आज बांधलेला कारखाना उद्याचा कारखाना बांधू लागतो. ते झाले की मी सफाईचे सुधारलेले तंत्र मिळवण्याच्या मागे लागतो. त्यात एका एककात तीन मापे साफ होतात. ८० कारखान्यांच्या ग्रहावर ४० चा खर्च २७ वर येतो, वर्षाला १३ एकके कायमची मोकळी. माझे मित्र त्याच वेळी लेझरच्या मागे असतात. त्यांची जहाजे आधी निघतात हे कबूल. पण ती पोसायची कशी हा प्रश्न त्यांना तिसाव्या-चाळिसाव्या वर्षी पडतो.

सफाईची पट्टी शून्यावर आणून हेच १५ वाचवता येणार नाहीत का? येतात, काही वर्षे. मग साचलेल्या कचऱ्याने ग्रहावर माणसे मावेनाशी होतात, आणि माणसे घटली की कारखाने चालवणार कोण? आरंभी दहा लाख माणसे मिळून दोनच कारखाने सांभाळतात, ह्या हिशेबाने निम्मी यंत्रे धूळ खात पडतात.

लोकसंख्येची वाढही अशीच शहाणपणाने बेतलेली आहे. ग्रह निम्मा भरलेला असताना वाढ सर्वांत जोमाची. भरत आला की ती मंदावते. म्हणून काठोकाठ भरलेल्या मातृग्रहावरून माणसे नव्या वसाहतींकडे रवाना करीत राहावे, दोन्हीकडे वाढ होते.

आता त्या तिसऱ्या शब्दाकडे. ‘एक्स्प्लॉइट’ ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थ उपयोगात आणणे असाही होतो आणि पिळवणूक करणे असाही. ‘मास्टर ऑफ ओरायन’मध्ये दुसऱ्या अर्थाला फारसा वाव नाही, कारण प्रतिस्पर्धी साम्राज्ये सोडली तर ग्रह रिकामेच सापडतात. एखाद्या ग्रहावर लुप्त संस्कृतीचे अवशेष असतात, आणि तेथे संशोधनाला दुप्पट फळ येते. ती माणसे सोयीस्करपणे आधीच नाहीशी झालेली. पृथ्वीवरच्या साम्राज्यांना असे रिकामे प्रदेश क्वचितच मिळाले. त्यांनी ते रिकामे असल्याचे कागदोपत्री लिहून घेतले, एवढेच. आमच्या इतिहासाच्या तासाला हा भाग येतो तेव्हा मला हटकून ह्या खेळाचा नकाशा आठवतो.

पुढच्या पिढीतील खेळांनी ही उणीव काहीशी भरून काढली. स्वीडनमधील ‘पॅरडॉक्स’ संस्थेच्या ‘स्टेलारिस’ (२०१६) ह्या खेळात सर्वेक्षण करताना असे ग्रह भेटतात, जेथे कोणी अद्याप अवकाशात न पोहोचलेला समाज नांदत असतो. त्याच्या वर निरीक्षण-केंद्र उभारून नुसते पाहात राहिले तरी समाजशास्त्रीय संशोधनात भर पडते. साम्राज्याच्या धोरणात मुभा असेल तर त्यांना ज्ञान देऊन वर आणता येते, किंवा सरळ सैन्य उतरवता येते. मी तिन्ही मार्ग चोखाळून पाहिले आहेत. सैन्य उतरवले की ग्रह सर्वांत लवकर हाती येतो. पण हाती आलेले लोक असंतुष्ट असतात आणि त्यांना शांत ठेवण्याचा खर्च त्याच जमाखर्चात दर महिन्याला दिसत राहतो. निरीक्षण-केंद्र ठेवले तर त्या ग्रहाच्या नावापुढे खनिजांचा आकडा येत नाही, संशोधनाचा येतो. तो लहान असतो.