लॉब नेमका कुठे मारावा?

आपल्या मंडळातल्या काही घरांतली मुले स्क्वॉश शिकू लागली आहेत आणि पन्नाशी ओलांडलेले काही सभासदही सकाळी कोर्टवर दिसतात. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत (२०२३) पुरुषांचे सांघिक सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात मुंबईचा महेश माणगावकर होता, २०२८ च्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पहिल्यांदाच येतो आहे, तेव्हा ही आवड वाढेल असे वाटते. या सर्वांसाठी आज एकाच फटक्याविषयी लिहितो, तो म्हणजे लॉब.

प्रतिस्पर्ध्याने तुम्हाला पुढच्या कोपऱ्यात खेचले आहे आणि तो स्वतः कोर्टच्या मध्यावर, 'टी'वर उभा आहे. अशा वेळी बहुतेक जण घाईने जोरात फटका मारतात. चेंडू तितक्याच वेगाने त्याच्याकडे जातो आणि तुम्ही अजून कोपऱ्यातच असता. लॉब हळू जातो, उंचावरून जातो. तेवढ्या वेळात तुम्ही टीवर परतता आणि मागे धावायची पाळी त्याच्यावर येते. गुडघे कुरकुरणाऱ्यांना तर या दोन-तीन श्वासांची किंमत सांगायला नको.

पण लॉब चुकला की प्रतिस्पर्ध्याला आयती व्हॉली मिळते. म्हणून नेम कुठे धरायचा, हा खरा प्रश्न. माझ्या मते तो उलट्या दिशेने सोडवावा. आधी चेंडू शेवटी कुठे लागायला हवा ते ठरवा आणि मग पुढच्या भिंतीकडे बघा.

उजव्या पुढच्या कोपऱ्यातून तिरका लॉब मारायचा आहे असे समजू. चेंडू डाव्या बाजूच्या भिंतीला सर्व्हिस बॉक्सच्या मागे, म्हणजे पुढच्या भिंतीपासून साधारण साडेसात मीटरवर, उंच लागावा. तिथे बाजूची आउट लाइन जमिनीपासून सुमारे २.७ मीटरवर असते. चेंडू तिच्या जरा खाली लागला की त्याचा उरलासुरला वेग भिंतीत जिरतो, तो जमिनीवर पडतो आणि मागच्या भिंतीजवळ मरतो. सर्व्हिस बॉक्सच्या पुढेच बाजूची भिंत लागली, तर चेंडू कोर्टच्या मध्याकडे वळून प्रतिस्पर्ध्याच्या रॅकेटवर येतो. भिंत लागलीच नाही, तर मागच्या भिंतीवरून उसळून त्याला सोपा फटका मिळतो.

आता पुढची भिंत. कोर्ट ६.४ मीटर रुंद असते. 'तिरका लॉब म्हणजे भिंतीच्या मध्यावर नेम' असे अनेकांनी मनाशी धरलेले असते. कोपऱ्यातून ते चालत नाही. तुम्ही पुढच्या भिंतीपासून एक मीटरवर आणि उजव्या भिंतीपासून ८० सेंटिमीटरवर असाल, तर साध्या कोनांच्या हिशेबाने नेम उजव्या भिंतीपासून जेमतेम दीड मीटरवर येतो, मध्याच्या कितीतरी अलीकडे. तिथून मध्यावर मारलात तर चेंडू डाव्या भिंतीला फारच पुढे आदळेल. तुम्ही दोन मीटर मागे असाल तर नेम दोन मीटरच्या आसपास सरकतो. जितके भिंतीच्या जवळ, तितका नेम आपल्या बाजूला. शिवाय रबरी चेंडू आरशातल्या प्रकाशासारखा त्याच कोनात परतत नाही. भिंतीवर आपटताना त्याचा पुढचा वेग जास्त खर्च होतो आणि तो हिशेबापेक्षा अधिक तिरका निघतो. म्हणून प्रत्यक्षात नेम आणखी थोडा अलीकडेच धरावा.

उंचीबाबत उलटी चूक होते. पुढच्या भिंतीवरची आउट लाइन ४.५७ मीटरवर असते, म्हणून लोक तिच्या अगदी खाली नेम धरतात आणि चेंडू बाहेर जातो. चेंडू भिंतीला लागताना वर चढत असायला हवा. त्याच्या उड्डाणाचा माथा भिंतीवरून परतल्यानंतर, कोर्टच्या मध्याकडे जाताना यावा. तेव्हा १.७८ मीटरवरच्या सर्व्हिस लाइनच्या बरेच वर, पण आउट लाइनपासून अंतर राखून मारा. गुडघा वाकवून, रॅकेट चेंडूखाली नेऊन उचलले की हे जमते. मनगटाच्या झटक्याने सहसा नाही. प्रतिस्पर्धी एक पाऊल बाजूला टाकून रॅकेट उंचावेल तेव्हा साधारण पावणेतीन मीटरपर्यंत पोचेल. टीच्या रेषेवरून जाताना चेंडू तीन मीटरच्या वर असला की तुम्ही निश्चिंत.

बाजू निवडताना एवढे पाहा: उजव्या हाताच्या खेळाडूला डाव्या मागच्या कोपऱ्यातली उंच बॅकहँड व्हॉली सगळ्यांत अवघड जाते. म्हणून उजव्या कोपऱ्यातून तिरका लॉब फायद्याचा. डाव्या कोपऱ्यातून तिरका मारला तर तो त्याच्या फोरहँडवर जातो. तिथे भिंतीलगतचा सरळ लॉब विचारात घ्यावा, मात्र तो वीतभर आत आला तरी महागात पडतो. समोरचा डावखुरा असेल तर हे सगळे उलट.

चेंडूही बघावा लागतो. दोन पिवळ्या ठिपक्यांचा चेंडू थंड असताना कोपऱ्यात सहज मरतो. लांब रॅलींनंतर तो तापून उसळू लागला की तोच लॉब मागच्या भिंतीवरून परत येतो. अशा वेळी आणखी हळू आणि आणखी उंच मारा. बाजूच्या भिंतीचा स्पर्श आता चुकवून चालणार नाही.

सरावाला जोडीदार लागतोच असे नाही. बाजूच्या भिंतीजवळ, सर्व्हिस बॉक्सच्या मागे एक टॉवेल अंथरा. पुढच्या कोपऱ्यात स्वतःच चेंडू टाकून लॉब मारत राहा. बाजूच्या भिंतीला लागून चेंडू टॉवेलच्या आसपास पडू लागला, की एक मीटर मागे सरका आणि नेम किती सरकवावा लागतो ते बघा.