रस्ता लाकडाचा, वहिवाट लोकांची

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातली सुमारे 94 टक्के जमीन सरकारी आहे. एवढ्या अफाट रानात सामान्य माणसाने शिरायचं कसं? बहुतेक ठिकाणी याचं उत्तर लाकूडतोडीने दिलं. ओंडके खाली आणायला डोंगर कापून कच्चे रस्ते काढले गेले आणि ट्रकांमागोमाग गळ टाकणारे, शिकारी, अळंबी वेचणारे, तंबू ठोकणारे आत गेले.

रस्त्याचे रिवाज मात्र अजून ट्रकचेच. भरलेला ट्रक आला की बाजूला व्हायचं. कडेच्या पाटीवर वायरलेसचा चॅनेल लिहिलेला असतो; आपण कितव्या किलोमीटरवर आहोत, वर चाललोय की खाली, हे चालक त्यावर पुकारत जातात. तोड संपली की देखभालीला धनी उरत नाही. मग मोऱ्या उखडतात, आडवे चर खणतात, पूल काढून नेतात. यात दुष्टावा नाही. तुंबलेल्या मोरीपायी उतार खचतो आणि गाळ सॅमन माशांच्या ओढ्यात उतरतो. पण रान सरकारी असूनही वाट जाते, ती जातेच.

व्हँकुव्हर बेटाच्या मोठ्या भागात तर रानच खासगी. 1883 साली कोळसासम्राट रॉबर्ट डन्सम्युअर याच्या गटाशी करार झाला: एस्क्विमॉल्ट ते नानाइमो रेल्वे बांधा, मोबदल्यात साडेसात लाख डॉलर आणि सुमारे 20 लाख एकर जमीन घ्या. लोहमार्ग 1886 मध्ये पुरा झाला. प्रवासी गाड्या कधीच्या थांबल्या, जमिनीची मालकी मात्र हातोहात लाकूड कंपन्यांपर्यंत पोचली. आज त्यातला मोठा भाग मोझेक नावाची कंपनी सांभाळते, आणि रानातल्या रस्त्यावरचं फाटक कधी उघडायचं ते तीच ठरवते. वणवा, कचरा, मोडतोड ही कारणं ती देते. ती खोटी नाहीत. तरी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट एका कुलपाने बंद होते, हे लोकांना पटत नाही.

या भांडणात एक जुनी फिर्याद हटकून मागे पडते. डन्सम्युअरला दिलेली जमीन मुळात रिकामी नव्हतीच. तिथल्या हुल्कुमिनम या मूळनिवासींची तक्रार आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाने 2009 मध्ये दाखल करून घेतली. सुट्टीतल्या भटकंतीपेक्षा हा दावा कितीतरी वजनदार आहे.

मुख्य भूमीवर निकोला खोऱ्यातला मासेमारी-शिकार क्लब आणि डग्लस लेक ही प्रचंड पशुपालन कंपनी यांच्यात कोर्टकज्जा झाला. कंपनीचे मालक स्टॅन क्रोएन्की, म्हणजे आर्सेनल फुटबॉल क्लबचेही मालक. वाद होता कंपनीच्या जमिनीने वेढलेल्या मिनी आणि स्टोनी या तळ्यांचा. 2018 मध्ये न्यायमूर्ती जोएल ग्रोव्ह्ज यांनी क्लबच्या बाजूने कौल दिला. 2021 मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला: तळी सार्वजनिक, पण तिथे पोचण्यासाठी खासगी जमीन ओलांडायचा हक्क नाही. कायद्याच्या चौकटीत निकाल बरोबर असेलही; पण ज्या तळ्याशी जाताच येत नाही, ते सार्वजनिक म्हणण्यात अर्थ काय?

त्याच देशातल्या नोव्हा स्कोशियात मासेमारीच्या कायद्यानेच पड जमिनीतून पायी पाण्यापर्यंत जाण्याची मुभा आहे. ब्रिटिश कोलंबियात ग्रीन पक्षाचे तेव्हाचे नेते अँड्र्यू वीव्हर यांनी 2017 मध्ये मुक्त भ्रमंतीच्या हक्काचं विधेयक मांडलं. ते मंजूर झालं नाही.