कडबाकुट्टी यंत्र चालवताना

परभणी जिल्ह्यात रब्बीची ज्वारी निघून कडब्याच्या गंजी रचून झाल्या, म्हणजे गोठ्यालगतच्या कुट्टी यंत्राचे काम सुरू होते; आणि आख्खा कडबा टाकला असता जनावरे ताटांची जी नासाडी करतात ती कुट्टीमुळे बहुतांशी टळते, हे निर्विवाद आहे. परंतु या यंत्राची रचना ज्यास नीट उमगली नाही त्याने त्याच्या कळीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेंढी आत ओढणारे दोन दातेरी रूळ हेच अपघाताचे मूळ होय. पाते दिसते, म्हणून त्याचे भय वाटते. रूळ मात्र संथ फिरत असतात, आणि अडकलेले ताट बोटांनी रेटू पाहणाऱ्याचा हात, धोक्याची जाणीव मनात उमटण्यापूर्वीच, पेंढीबरोबर आत खेचतात. यास्तव शेवटची ताटे लाकडी दांड्यानेच सरकवावीत, तोंडाकडील भाग वरून पत्र्याने झाकलेला असावा, आणि रूळ थांबवणारा वा उलटा फिरवणारा दांडा हाताशी मोकळा असावा. पदर, उपरणे, हातातील कडे यांचा बंदोबस्त आधीच करावा.

मोटार बंद केल्यावरही जड चाक जडत्वाने फिरतच राहते. ते पूर्ण थांबून खिळीने अडकवल्यावाचून पात्यास धार लावू नये. वीज गेली तर कळ आवर्जून बंद करावी, कारण ती अवचित परतते, आणि अडकलेला चारा काढण्यासाठी हात आत असतानाच यंत्र सुरू होते. मुलांच्या हाती पेंढी देणे, किंवा रात्री अंधुक उजेडात थकल्या हातांनी कुट्टी करणे, सर्वथा वर्ज्य समजावे.