सुनेची सेवा आणि सरकारी विमा

जपानमधला दीर्घकालीन शुश्रूषा विमा, ‘काइगो होकेन’, १ एप्रिल २००० रोजी सुरू झाला. कायदा १९९७ सालचा. चाळिशी गाठलेल्या प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. योजनेचा निम्मा पैसा या हप्त्यांतून येतो, निम्मा करांतून. कारभार स्थानिक नगरपालिकांकडे असतो.

धोरण आखताना खरा वाद झडला तो रोख रकमेवरून. जर्मनीने १९९५ मध्ये अशीच योजना आणली, तेव्हा घरच्यांना सेवेऐवजी पैसे घेण्याची मुभा ठेवली. जपानमध्येही तशी सूचना पुढे आली. लेखिका-कार्यकर्त्या हिगुची केइको आणि महिला संघटनांनी तिला कडाडून विरोध केला. पैसे घरात येतील, पण अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याचं सगळं करणं सुनेच्याच गळ्यात राहील, असं त्यांचं म्हणणं. अखेर रोख वगळून सेवाच द्यायचं ठरलं. खर्च आटोक्यात ठेवू पाहणाऱ्यांनाही ते सोयीचंच होतं म्हणा!

सेवेसाठी अर्ज केल्यावर तपासनीस घरी येतो. कूस बदलता येते का, नखं कापता येतात का, अशा ७४ बाबी नोंदवतो. त्यावरून संगणक सेवेला लागणारा वेळ काढतो आणि तज्ज्ञांची समिती सातपैकी एक पायरी ठरवते. मुलं जवळ राहतात का, हे त्यात मोजलं जात नाही. सेवेच्या खर्चाचा दहावा हिस्सा बहुतेकांना स्वतः भरावा लागतो. चांगलं उत्पन्न असणाऱ्यांना २०१५ पासून पाचवा. त्याच वर्षापासून सरकारी अनुदानावरच्या शुश्रूषागृहांत साधारणपणे तिसऱ्या किंवा त्यापुढच्या शुश्रूषा-पायरीवरच्यांनाच नव्याने प्रवेश मिळतो.